बैठक कुठं असती?

चौकशीच्या खिडकीत बसलेल्या बाईला सगळं ठाऊक असतं, असा लोकांचा पक्का समज आहे. एसटी स्टँडवरच्या त्या जाळीतून लोकांनी मला काय काय विचारलं ते सांगितलं तर तुम्ही म्हणाल, बाई फेकायलीय. जिंतूरची गाडी किती वाजता, हा झाला साधा प्रश्न. पण "माझी लेक ज्या गाडीनं यायली ती कुठवर आली असंल?" असं विचारणारी म्हातारी असायची, आणि लेक कोणत्या गावाहून निघाली हे तिला सांगता यायचं नाही. पोखर्णीच्या नरसिंहाला निघालेल्या एका मामानं देवळात आज गर्दी किती हाय ते विचारलं, जसं काही मी तिथूनच बोलायले. एकानं सोयरीक विचारली. माझ्यासाठी नाही, भाच्यासाठी. खिडकीत बसून मी रोज इतके लोक बघते तर एखादी चांगली पोरगी नजरेत असेलच, असा त्याचा हिशोब.

मी आधी कंडक्टर होते, मग परीक्षा देऊन कंट्रोलर झाले. गेल्या वर्षी निवृत्त झाले. कंट्रोलरचं काम बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, बसून पुकारा करायचा, संपलं. तसं नसतं. गाडी आली की कंडक्टर कॅबिनमध्ये येऊन नोंद करतो, ती कोणत्या फलाटाला लावायची ते सांगायचं, माइकवर पुकारायचं, एखादी रस्त्यात बंद पडली तर तिचे प्रवासी कुठल्या गाडीत कोंबायचे ते ठरवायचं, आणि हे चालू असताना जाळीतून येणाऱ्या दहा तोंडांना उत्तरं द्यायची. माझा नेम एकच होता. गाडी एक मिनिट आधी सोडायची नाही आणि कुणाच्या बापासाठी थांबवायची नाही. एकदा एका पुढाऱ्याच्या मेव्हण्यानं फोन केला, मी यायलोय, गाडी थांबवा. मी म्हणलं, मेव्हणे, तुमी या, दुसरी गाडी दोन तासानं हाय.

आणखी एक सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरून घडलं. दारू पिलेला माणूस दिसला की माझी जीभ सुटायची. बाईमाणसानं कंडक्टरकी केली की तिच्या वाट्याला काय येतं ते दुसऱ्याला सांगून कळत नाही. तिकिटाचे पैसे देताना हात धरणारे, अंगावर कलंडणारे, शेवटच्या सीटवर ओकून वर मलाच दम देणारे. गप्प बसले असते तर नोकरी झाली नसती. म्हणून तोंड चालवायला शिकले, आणि मग ते तोंड लय चाललं. ड्रायव्हर लोक म्हणायचे, अक्काच्या तोंडाला स्टँडातली कुत्री भितात. मला त्याचा अभिमान वाटायचा.

स्टँडचं नाव सांगत नाही. जिल्हा परभणी, तालुक्याचं गाव, एवढं बस झालं. ज्यांची ही गोष्ट आहे ते आपलं नाव सांगत नसतात, मग मी त्यांचा पत्ता कशाला सांगू?

एका गुरुवारी संध्याकाळी पावणेसहाचा सुमार होता. सोनपेठची गाडी लागली, मी माइकवर पुकारा केला आणि बटण बंद करायचं राहिलं. आमच्या माइकचं बटण टेबलाच्या खालच्या अंगाला होतं. दिवसातून शंभर वेळा दाबायचं, एखाद्या वेळी राहून जायचं. एरवी फार तर माझा खोकला लोकांना ऐकू जायचा.

खिडकीशी एक माणूस आला. पन्नाशीच्या अलीकडचा, डोईला फेटा, नुकती दाढी केलेली, धुतलेला सदरा. जाळीला धरलेले हात लटलट कापायलेले. ते हात बघितले आणि माझं मत तिथंच बनलं.

"बाई," तो खाली बघत म्हणाला, "बैठक कुठं असती हो इथं?"

आता आमच्याकडं बैठक म्हणजे काय, हे तुम्हालाही ठाऊक असेलच. "आज बसायचं का?" असं कुणी कुणाला विचारलं तर तो खुर्ची शोधत नाही, पाणी आणि फरसाण शोधतो. बैठक बसली म्हणजे बाटली आली. माझं डोकं सणकलं.

"लाज वाटती का जरा?" मी म्हणलं. "बाईमाणसाला बैठक विचारायलाव? हात कापायलेत तरी सुटंना! ही चौकशीची खिडकी हाय, बेवड्यांची सोय न्हाई लावत इथं. जा स्टँडाच्या मागं, रांगेनं दुकानं हायत, मरा तिथं जाऊन!"

'मरा तिथं जाऊन' हे माझे शब्द मला वरून ऐकू आले. पहिल्या फलाटापासून मुतारीपर्यंत सगळ्या स्टँडात घुमले. शेंगदाणेवाल्यापासून कॉलेजच्या पोरींपर्यंत जो तो हसायला लागला. त्या माणसानं हातातला एक कागद खिशात घातला आणि मान खाली घालून गेला. मी बटण बंद केलं. आणि खोटं कशाला बोलू, मीही हसले.

शनिवारी दुपारून एक बाई खिडकीशी आली. नऊवारी, हातात कापडी पिशवी, चेहरा उन्हानं रापलेला.

"परवा माइकात तुमीच बोलल्या का?"

मी म्हणलं, आली भांडायला. मीही पदर खोचला. "हो, मीच. काय म्हणणं हाय?"

"भांडायला न्हाई आले, बाई. एवढा कागुद वाचा."

कागद घामानं मऊ झाला होता. वर सुवाच्य अक्षरात लिहिलेलं: 'बैठक. गुरुवार, सायंकाळी सहा. बसस्थानकाजवळ.' परभणीच्या एका दवाखान्यात तिचा नवरा पोट फुगून वीस दिवस पडला होता. तिथल्या सिस्टरनं घरी सोडताना हा कागद दिला होता. दारू सोडलेली माणसं एकमेकांना भेटतात, त्यांची बैठक. सिस्टर शुद्ध बोलणारी असावी. तिनं बैठक लिहिलं, याला बैठकच विचारायची हे ठाऊक.

बाईचं नाव गयाबाई म्हणू आपण, आणि नवऱ्याचं माणिकराव. दोन्ही नावं माझी. मेंढरं-शेरडं राखणारं घर, सोनपेठच्या अंगाला एका खेड्यात.

"डाक्टरनं सांगितलंय," गयाबाई म्हणाली, "आता एकडाव पिला की मानूस गेला म्हणून समजा. तवापसून थेंब न्हाई घेतला, बाई. बेस्तरवारी मीच दाढी करायला लावली, सदरा धुऊन दिला, म्हणलं जा. सांजच्याला वाटलं, आता पिऊनच येतंय. न्हाई पिला. पर आता म्हणतो, जात न्हाई. साऱ्या जगानं ऐकलं म्हणतो. नुसता वाड्यात मेंढरापाशी बसून ऱ्हातो. एकट्यानं किती दिस ढकलंल तो? तुमी नुसतं सांगा, बैठक कुठं असती. मी घिऊन जाते त्याला."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय! आणि वर लाज अशी, की बैठक कुठं असती हे मला ठाऊक नव्हतं. जिल्ह्यातली प्रत्येक मुक्कामी गाडी पाठ, आणि स्टँडाजवळचं हे ठाऊक नाही. काखेत कळसा अन् गावाला वळसा.

सोबतच्या कंट्रोलरला खिडकीत बसवलं आणि गयाबाईला घेऊन निघाले. चहावाल्याला विचारलं, बैठक कुठं असती रे? तो डोळा बारीक करून म्हणाला, "अक्का, तुमी बी?" औषधाच्या दुकानात विचारलं, तिथला पोरगा माझ्याकडं बघतच राहिला. तेव्हा कळलं, हा प्रश्न त्या माणसानं कसा विचारला असेल. मी तर शुद्धीतली, सरकारी कपड्यातली बाई, तरी दोन ठिकाणी विचारून माझे कान तापले.

शेवटी स्टँडमागच्या दुकानांच्या रांगेत गेले. तिथल्या परमिट रूमच्या काउंटरवर बालाजी नावाचा माणूस असायचा, गिऱ्हाइकानं गोंधळ घातला की मला फोन करायचा, शेवटच्या गाडीत बसवून द्या म्हणून. त्याला म्हणलं, बालाजी, हसू नको. दारू सोडलेल्या लोकांची बैठक कुठं असती?

"मठाच्या पाठीमागच्या खोलीत," तो लगेच म्हणाला. "स्टँडातून निघालं की डाव्या हाताची गल्ली. माझी चांगली चांगली गिऱ्हाइकं नेली की हो त्यांनी. अन् अक्का, बैठक नका म्हणू. ते मीटिंग म्हणतात. बैठक म्हणलं तर माणूस माझ्याकडंच यील ना."

सगळ्या गावात ज्याला नीट पत्ता ठाऊक होता तो एकटा दारू विकणारा. मी डोक्याला हात लावला.

मठाची खोली शनिवारी बंद होती, पण शेजारी एका टेलरचं दुकान. खोलीची किल्ली त्यांच्याकडंच असायची. साठीचे, चष्मा नाकावर, सावकाश बोलणारे. मी माझा पराक्रम त्यांना सांगितला, काही लपवलं नाही. त्यांनी मशीन थांबवलं.

"हात कापत होते म्हणून तुम्हाला वाटलं पिलाय," ते म्हणाले. "अक्का, पिणाऱ्याचा हात पिल्यावर थांबतो. सोडणाऱ्याचा कापतो. माझा दोन महिने कापत होता, सुईत दोरा जात नव्हता. बायको ओवून द्यायची." मग कापड सरळ करत म्हणाले, "आणि असा माणूस पत्ता एकदाच विचारतो. दुसऱ्यांदा विचारायला लय हिंमत लागती."

रविवारी माझी सुट्टी होती. टेलरकाका आणि मी गयाबाईच्या गावाला गेलो. माणिकराव वाड्यात एका कोकराला पाजत बसले होते. मला बघितलं आणि तोंड फिरवलं. मी म्हणलं, दादा, चुकले. तुमी म्हणाल तर उद्या त्याच माइकवरून माफी मागते, साऱ्या स्टँडाला ऐकू जाईल अशी.

ते दचकून उठलेच. "बाई, हात जोडतो! माइक नको!"

गयाबाई पदर तोंडाला लावून हसायला लागली. माणिकरावांच्या ओठाचा कोपरासुद्धा जरा हलला. टेलरकाका त्यांच्याजवळ खाली बसले आणि मला म्हणाले, "अक्का, तुमी जरा तिकडं मेंढरं बघा." मी मेंढरं बघितली. दोघं काय बोलले ते मला आजही ठाऊक नाही. तासाभरानं काका उठले आणि म्हणाले, चला, गुरुवारी येतायत ते.

आले. गयाबाई सोबत होती. खोलीच्या दारात माणिकरावांचे पाय अडखळले, काकांनी नुसतं सरकून जागा दिली, मग ते आत गेले. आम्ही दोघी पायरीवर चपलांपाशी बसलो. आत ना फी, ना कुणी आडनाव विचारत, ना भाषण. पाळीपाळीनं एकेकानं आपलं सांगायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, मध्ये बोलायचं नाही. नवा माणूस शेवटी बोलतो, तोवर त्याची भीड चेपलेली असते.

इथंच घोडं अडलं. मीटिंग सहा ते साडेसात. माणिकरावांच्या गावची शेवटची गाडी सातला. शेवटी बोलायची पाळी यायच्या आत त्यांना उठावं लागायचं. एक गुरुवार गेला, दुसरा गेला. तोंडाशी आलेलं सगळं तसंच गिळून ते गाडीत बसायचे. गयाबाई मला म्हणाली, "ऐकून येतो, बोलून न्हाई येत. रातभर कूस बदलत ऱ्हातो. मला भ्या वाटायलंय, बाई."

तिसऱ्या गुरुवारी मी माझा नेम मोडला. सातची गाडी थांबवून ठेवली आणि खोलीत निरोप धाडला, गाडी थांबलीय, सावकाश या. ड्रायव्हरला म्हणलं, टायरची हवा बघ. त्यानं बघितली. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. प्रवासी ओरडायला लागले, कुणासाठी थांबवलीय गाडी? कोण लाटसाहेब यायलाय? आणि तेवढ्यात गल्लीतून माणिकराव घाईनं येताना दिसले. सगळी गाडी खिडक्यांतून त्यांच्याकडं बघायला लागली. त्यांच्याच गावची माणसं होती सगळी.

ते आधी गाडीत चढले नाहीत. खिडकीशी आले. पहिल्यांदाच माझ्या डोळ्याला डोळा देऊन बोलले. "बाई, मी कुठं जायलोय ते गावाला म्हाईत न्हाई. आता उद्या पारावर इचारतील. तुमी भल्यासाठीच केलं, पर नका करू."

आधी शिव्या देऊन याला चव्हाट्यावर आणलं, आता माया करून आणलं. मला स्वतःचाच राग आला.

दुसऱ्या दिवशी टेलरकाकांना सांगितलं. ते हूं म्हणले आणि मशीन चालवायला लागले. पुढच्या गुरुवारी मीटिंग सुटल्यावर येऊन म्हणाले, मीटिंगची वेळ बदलली, पुढच्या वेळेपासून साडेचार ते सहा. मी चाट पडले. त्या गटात एक भाजीवाले होते, एक शाळेतले मास्तर, एक रिक्षावाले. साडेचार म्हणजे भाजीवाल्याची गिऱ्हाइकी सुरू व्हायची वेळ, मास्तरांची शाळा सुटायच्या आधीची. मी विचारलं, सगळे हो म्हणले? "सगळ्यांनी हात वर केले," काका म्हणाले. "मास्तर शेवटचा तास दुसऱ्याला देऊन येतील. भाजीवाल्याची बायको गाडा बघंल."

नव्या वेळेच्या पहिल्याच गुरुवारी माणिकराव बोलले. किती बोलले, काय बोलले, ते त्या खोलीत राहिलं. पण सातच्या गाडीत चढताना त्यांनी गयाबाईच्या हातातली पिशवी घेतली, एवढं मी बघितलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

हे असंच गोड संपलं असतं तर मी लिहायला बसले नसते. पुढच्या गुरुवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. त्या गावच्या गाडीचा कंडक्टर नोंद करायला आला तेव्हा सहज विचारल्यासारखं विचारलं. तो म्हणाला, "तो फेटेवाला ना? भाच्याच्या लग्नात पाजली त्याला लोकांनी. तवापसून देवळामागं पडलेला असतो." मी पेन खाली ठेवलं. डॉक्टर काय म्हणले होते ते मला ठाऊक होतं.

टेलरकाकांकडं गेले. रडवेली होऊन म्हणलं, काका, आता तुमची वेळ परत सहाला करा. तुमच्या सगळ्यांची धंद्याची खोटी कशाला? ज्याच्यासाठी केलं तो तर गेला हातातून.

"वेळ राहू द्या," ते म्हणाले. "तो आला आणि दाराला कुलूप दिसलं तर? आणि अक्का, मी सुद्धा सोडल्यावर चार वेळा परत पिऊन पडलोय. कुणी वेळ बदलली नव्हती, म्हणून परत आलो तेव्हा दार उघडं दिसलं."

तिसरा गुरुवारही कोरडा गेला. चौथ्या गुरुवारी त्यांच्या गावची चारची गाडी वीस मिनिटं उशिरा आली. मी सवयीनं दारातून उतरणारी माणसं बघत होते. सगळे उतरले, कंडक्टर उतरला, आणि मग माणिकराव उतरले. एकटेच. दाढी वाढलेली, फेटा नाही, सदऱ्याला चिखल. अंगातली ताकद इतकी गेलेली की खाली पाय टेकल्यावर त्यांनी गाडीच्या पत्र्याला हात लावून दम घेतला.

मी खुर्चीतून उठले. तोंडापर्यंत आलं होतं, दादा, इकडं या, पाणी घ्या, मी येते सोबत. पण या तोंडानं या माणसाचं आजवर काय भलं केलं होतं? मी ओठ दाबून कॅबिनच्या पायरीवर नुसती उभी राहिले.

ते फाटकापर्यंत गेले आणि थांबले. फाटकातून उजव्या हाताला वळलं की बालाजीची रांग. डाव्या हाताला मठाची गल्ली. मागून एक गाडी भोंगा वाजवत होती, माणूस हलेना. खिडकीतून कुणीतरी मला विचारत होतं, "ओ बाई, जिंतूर कवा लागंल? ओ बाई!" मी मनात म्हणत होते, पत्ता तुमाला ठाऊक हाय, दादा. ठाऊक हाय तुमाला.

त्यांनी तोंडावरून हात फिरवला आणि डावीकडं वळले.

मला काही विचारलं नाही, खिडकीकडं बघितलंसुद्धा नाही. सगळी नोकरी लोकांना वाटा सांगण्यात गेली माझी, आणि त्या दिवशी एका माणसानं वाट विचारली नाही म्हणून मी भर स्टँडात, युनिफॉर्म घालून, ढसाढसा रडले. जिंतूरवाल्याला वाटलं, बाईला काही झालं. तो बिचारा मुकाट्यानं बाकावर जाऊन बसला.